मालकांची मंडळे आणि साळखात्याचे दार

आपल्या चळवळीत कामगार संघटनांवर पुष्कळ लिहून झाले आहे. लाल बावट्याचे काय चुकले, बाबासाहेबांचे आणि कम्युनिस्टांचे का पटले नाही, कोणता संप कोणी फोडला, यावर आपण अजूनही रात्री जागवतो. पण ज्यांच्याविरुद्ध हे लढे झाले ते मालकही संघटित होते, आणि कामगारांच्या आधी संघटित झाले होते, याकडे आपले लक्ष जात नाही. मालक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एखादा शेठ उभा राहतो. मालकांचे मंडळ उभे राहत नाही. मंडळाला चेहरा नसतो. त्याला कचेरी असते, चिटणीस असतो, वार्षिक अहवाल असतो आणि सरकारदरबारी मान्यता असते. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो, तरी मलाही हे उशिराच सुचले. सुचले ते एका छापील अर्जामुळे.

माझा मामेभाऊ एका जिल्ह्याच्या गावी औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडमध्ये लेथ चालवतो. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि चार कामगार एवढाच त्याचा पसारा. वसाहतीतल्या पाण्याचे दर वाढायचे होते तेव्हा अधिकाऱ्यांनी ‘उद्योजकांशी चर्चा’ केली. चर्चा केली म्हणजे तिथल्या कारखानदारांच्या संघटनेला बैठकीला बोलावले. माझ्या भावाला बैठकीची बातमी लागली ती नव्या दराचे बिल हातात पडल्यावर. मग त्याने सभासद होण्यासाठी अर्ज आणला. अर्जावर दोन जुन्या सभासदांच्या सह्या हव्या होत्या, एक सूचक आणि एक अनुमोदक. तीन महिने तो त्या दोन सह्यांसाठी फिरला. कोणीही त्याला नाही म्हटले नाही. ‘बघू’, ‘मोठे साहेब बाहेरगावी आहेत’, ‘आडनाव काय म्हणालात?’ एवढेच. तो कोरा अर्ज अजून त्याच्या टेबलाच्या खणात आहे. मला तो दाखवून म्हणाला, “भाऊ, तुम्ही इतिहास शिकवता ना? मग हे कधीपासून चालत आलंय ते सांगा.”

त्याला सांगण्यासाठी मी जे वाचले, त्यातले काही इथे मांडतो.

मुंबईत गोऱ्या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स १८३६ साली स्थापन झाले. देशी व्यापाऱ्यांचे इंडियन मर्चंट्स चेंबर १९०७ चे. महाराष्ट्र चेंबर आणि अखिल भारतीय ‘फिक्की’ ही दोन्ही १९२७ ची. पण आपल्या माणसांच्या पोटाशी ज्याचा थेट संबंध आला ते मंडळ म्हणजे मुंबईच्या गिरणीमालकांचा संघ. त्याच्या जन्माची कथा मोठी बोलकी आहे. कावसजी दावरांनी १८५४ साली कंपनी काढली आणि मुंबईत कापसाची गिरणी आली. वीस वर्षांत गिरण्या इतक्या वाढल्या की लँकेशायरच्या मालकांच्या पोटात दुखू लागले. हिंदुस्थानातल्या कामगारांचे हाल होतात, त्यांना कायद्याचे संरक्षण द्या, असा ओरडा मँचेस्टरहून सुरू झाला. (मँचेस्टरच्या मालकाला परळच्या मजुराचा कळवळा का यावा, हे सांगायला नकोच.) मुंबई सरकारने १८७५ साली चौकशी आयोग नेमला आणि त्याच साली इथल्या गिरणीमालकांनी आपला संघ उभा केला. म्हणजे कामगारांच्या संरक्षणाचा कायदा होऊ नये, हेच त्याच्या जन्माचे एक मोठे निमित्त. कायदा १८८१ मध्ये झाला. तोही असा, की सात वर्षांखालच्या पोराला कामावर ठेवू नये आणि सात ते बारा वर्षांच्या पोराकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हते.

कामगारांच्या बाजूने पहिला आवाज उठवला तो महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली त्यांनी परळला सुपारीबागेत सभा घेतली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, काम करताना हातपाय तुटला तर भरपाई, अशा साध्या मागण्या होत्या. सहा वर्षे त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, दोन बायका भाषणाला उभ्या राहिल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

इथे क्षणभर थांबले पाहिजे. ही सुटी त्या दिवशी कायद्याने आली नाही, संघाच्या ठरावाने आली. लोखंड्यांचे मोठेपण त्याने कमी होत नाही; ठराव करायला लावणारी ताकद त्यांनी उभी केली होती. पण एक गोष्ट सिद्ध झाली. मालकांचा संघ मनात आणील तर अख्ख्या मुंबईतल्या गिरण्यांचा आठवडा एका बैठकीत बदलू शकतो. ही गोष्ट लक्षात ठेवूनच पुढे जाऊ.

पुढच्या तीस-चाळीस वर्षांत सरकारने या मंडळांना जे दिले ते पाहिले की त्यांना ‘खाजगी संस्था’ म्हणायला जीभ धजत नाही. १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतरच्या मुंबई कायदेमंडळात मुंबईच्या गिरणीमालक संघाला जागा होती, अहमदाबादच्या गिरणीमालक संघाला जागा होती, व्यापारी चेंबरांना जागा होत्या. त्या जागांसाठी मतदार म्हणजे त्या मंडळांचे सभासद. अस्पृश्यांना मतदारसंघ नव्हता. त्यांचा प्रतिनिधी सरकार नेमणार. बाबासाहेब १९२७ साली कौन्सिलात गेले ते डॉ. सोळंकींप्रमाणेच सरकारनियुक्त सभासद म्हणून. काही डझन गिरण्यांच्या मालकांना मताचा हक्क होता आणि लाखो माणसांना नेमणुकीची कृपा. १९३५ च्या कायद्याने मुंबई विधानसभेच्या १७५ जागा ठरल्या. त्यांत अनुसूचित जातींसाठी १५ राखीव, कामगारांसाठी ७ आणि व्यापार-उद्योगासाठीही ७. चेंबरच्या दिवाणखान्यात बसणाऱ्या मूठभर माणसांना गिरणीगाव, गोदी आणि रेल्वे यांतल्या सगळ्या मजुरांइतक्या जागा! राखीव जागांवरून आज आपल्याला टोमणे मारणाऱ्यांना ही राखीव जागा कोणी शिकवत नाही. आमच्या पाठ्यपुस्तकातही ती नाही.

जागा हे एक झाले. गिरण्यांच्या कापडावर १८९६ पासून साडेतीन टक्के अबकारी कर होता. तो रद्द व्हावा म्हणून संघाने तीस वर्षे नेट धरला आणि १९२६ मध्ये तो गेला. टॅरिफ बोर्डापुढे संघाने आकडे मांडले आणि १९३० मध्ये परदेशी कापडावर संरक्षक जकात बसवणारा कायदा झाला. यात सगळेच वाईट होते असे मी म्हणणार नाही. तो अबकारी कर लँकेशायरच्या सोयीचा होता आणि अन्यायाचाच होता. पण मंडळाची खरी कला अशी, की ते आपले हित देशाचे हित म्हणून मांडते. बाबासाहेबांनी १९२३ च्या रुपयावरील प्रबंधात हे नेमके पकडले होते. रुपयाची किंमत घसरली की निर्यात वाढते आणि देशाचा फायदा होतो, असे व्यापारी म्हणत. बाबासाहेबांचे म्हणणे असे, की हा फायदा बाहेरून देशात येत नाही, देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो. महागाई चढते आणि मजुरी मागे राहते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

गिरणीत खाती असतात. कापूस पिंजण्यापासून सूत काढण्यापर्यंतची खाती एका बाजूला, आणि कापड विणण्याचे साळखाते दुसऱ्या बाजूला. साळखात्यात पगार जास्त. आपली माणसे रिंगखात्यात, तेलपाण्याच्या आणि झाडलोटीच्या कामात असत. साळखात्यात त्यांना मज्जाव होता. कारण असे दिले जाई, की कांडी संपली की कामगार धोट्यात नवी कांडी घालतो आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून, श्वास आत ओढून धागा बाहेर काढतो. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागते. महाराचे तोंड लागलेल्या धोट्याला मराठा आणि मुसलमान कामगार तोंड कसे लावतील?

माझे पणजोबा रत्नागिरीहून येऊन गिरणीत लागले आणि रिंगखात्यातच म्हातारे झाले. आजोबा त्याच गिरणीत १९४८ साली लागले. बापाचे सांगताना ते म्हणायचे, “पोरा, साळखातं म्हणजे देवळाचा गाभारा होता बघ. आमचा बाप दारातनं सूत आत ढकलायचा. सूत आमच्या हातचं चालायचं, तोंड नाही चालायचं.” त्या वेळी मी शाळकरी होतो, मला हसू आले होते. आज कळते की गिरणीतल्या शिवाशिवीचे सारे अर्थशास्त्र त्यांनी एका वाक्यात सांगितले होते. बापाने काढलेल्या सुताचे कापड होते, त्या कापडाला बाजारात विटाळ नाही, त्यावरच्या नफ्याला तर नाहीच. विटाळ आहे तो फक्त जास्त पगाराच्या जागेला. आणि तिकडे विदर्भात हाच समाज पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर जाडेभरडे कापड विणत आला होता, हे इंग्रजांच्या जातिविषयक ग्रंथांतच नमूद आहे. विणणे येत नव्हते असे म्हणायलाही जागा नव्हती.

१९२८ साली मुंबईत गिरण्यांचा प्रचंड संप झाला. एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे दीड लाख कामगार. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले, की अस्पृश्य कामगाराला सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क आहे ही मागणी तुमच्या मागण्यांत घाला; नाहीतर माझ्या माणसांना मी संपापासून दूर राहायला सांगेन. पुढाऱ्यांनी ती घातली, पण नाखुशीने. आपण हा प्रसंग नेहमी इथपर्यंत सांगतो, कारण आपले भांडण कम्युनिस्टांशी असते. पुढचा भाग मात्र सांगायचा राहतो. मालकांपुढे ही मागणी गेली तेव्हा त्यांनी पुढाऱ्यांनाच सुनावले, की हा अन्याय असेलच, तर त्याला आम्ही निश्चितच जबाबदार नाही.

मालकांच्या बाजूने पाहिले तर हे उत्तर बिनतोड होते. मज्जाव करणारे कामगारच होते, हे खरेच होते. पण ज्या वर्षी हे उत्तर दिले गेले त्याच वर्षी संघ काय करीत होता ते पाहा. मुंबईतल्या सगळ्या गिरण्यांत मजुरीचे दर सारखे करण्याची योजना संघाने तयार केली होती. कोणत्या कापडाच्या वाराला किती पै, एका माणसाने किती साचे चालवायचे, उशीर झाला तर काय, कामावरून कमी करायचे तर कसे, याचे नियम छापून तयार होते. याच योजनेवरून आणि नियमांवरून फॉसेट समितीपुढे महिनोन्‌महिने खल झाला आणि १९२९ च्या मार्चमध्ये समितीचा अहवाल आला. म्हणजे वाराला पै ठरवणे संघाच्या हातात होते, माणसाच्या डोक्यावर किती साचे लादायचे हे हातात होते. फक्त साळखात्याचे दार हातात नव्हते! ते म्हणे कामगारांच्या रूढीच्या हातात होते. रविवारची सुटी एका ठरावाने देणारा संघ इथे येऊन अचानक हात जोडून उभा राहतो.

आणि धोटा? हाताने धागा ओवता येईल असा धोटा त्या काळात माहीत नव्हता असे नाही. तोंडाने धागा ओढल्याने कामगाराच्या छातीत सुताची घाण जाते, एकाचा रोग दुसऱ्याला लागतो, म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच असे धोटे कायद्याने बंद केले होते. लँकेशायरनेही तोंडाचाच धोटा पुढे कितीतरी वर्षे चालवला, हे मी मान्य करतो. मालक सगळीकडे मालकच. पण आपल्याकडे धोटा बदलला असता तर रोगही टळला असता आणि रूढीचे निमित्तही गेले असते. पैशाचा हिशेब रुपया-आण्यापर्यंत करणाऱ्यांनी हा हिशेब केला नाही. करण्याची गरजही नव्हती. साळखाते बंद असल्याने रिंगखात्याला कमी पगारात माणसे मिळत होती. दीड लाखांतले काही हजार एकमेकांच्या तोंडाला विटाळ मानत होते. यात मालकाचे काय बिघडत होते?

पुढे १९३५ मध्ये संघाने बदली कामगारांसाठी कार्डाची पद्धत आणली. भरती आजवर जॉबरच्या मर्जीवर होती, ती थोडी गिरणीच्या कचेरीकडे आली. जॉबर म्हणजे काय, हे जुन्या माणसांना विचारा. त्याला दस्तुरी द्यायची, त्याच्या गावचे आणि जातीचे असायचे, म्हणजे काम. आपल्या तरुणाला साळखात्यात नेऊन उभा करील असा जॉबर मिळणार कोठून? तर हे जॉबरशाहीला हात घालणेही संघाला जमले, म्हणजे भरतीच्या मुळाशी तो पोचला होता. दाराला मात्र त्याने हात लावला नाही. म्हणूनच फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांना पुन्हा तीच गोष्ट बोलावी लागली. गिरणीत साळखाते बंद, रेल्वेत गँगमनच्या वर चढणे बंद, आणि पोर्टरचीही जागा नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी पाणी भरावे लागते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे त्यांनी म्हटले ते याच भाषणात. आपण त्यातले शत्रू पाठ केले आणि पोर्टरचे पाणी विसरलो. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध बाबासाहेब आणि कम्युनिस्ट एकत्र आले आणि मुंबईत एक दिवसाचा संप झाला. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

आजोबांना साळखाते शेवटी मिळाले, पन्नाशीच्या दशकात. तोवर संविधान आले होते. ते कसे मिळाले, यावर ते फार बोलत नसत. पहिले काही दिवस शेजारच्या साच्यावरचा माणूस आपला धोटा घरी घेऊन जाई, एवढे मात्र एकदा सांगितले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते त्याच साच्यावर होते. संपानंतर गिरणीही राहिली नाही आणि साचाही.

माझ्या भावाच्या प्रश्नाला हे उत्तर पुरेसे आहे का, मला सांगता येत नाही. विधिमंडळातल्या चेंबरांच्या जागा संविधानाबरोबर गेल्या. पण सरकार धोरण ठरवताना आजही ‘उद्योगजगताशी’ बोलते, आणि उद्योगजगत म्हणजे मंडळांची यादी. एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालकांची जात शोधणारा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात अनुसूचित जाती-जमातींचे मिळून साडेतीन टक्के संचालक निघाले. जात विचारली की आजही उत्तर तेच मिळते: आम्ही गुणवत्ता पाहतो, बाकीचे आमच्या हातात नाही.

यावर आपल्यातल्या काहींनी वेगळी वाट काढली. मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात दलितांचे स्वतंत्र चेंबर, ‘डिक्की’, स्थापन केले. नोकऱ्या मागणारे नको, देणारे व्हा, ही त्यांची भाषा. गोपाळ गुरू, आनंद तेलतुंबडे यांच्यासारख्या विचारवंतांनी या ‘दलित भांडवलशाही’वर कडक टीका केली, आणि मूठभर कोट्यधीशांनी वस्तीची उपासमार झाकली जाते हा त्यांचा आक्षेप मला पटतो. पण आजचा हा सारा शोध घेतल्यावर तो मला अपुराही वाटतो. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लहान उद्योगांकडून चार टक्के खरेदीची अट आली. ती खरेदी प्रत्यक्षात चार टक्क्यांच्या खूपच मागे रेंगाळली, हे खरे. तरी अशी अट कोणी एकट्याने मागून मिळत नाही. मागायला मंडळ लागते. मालक होणे आणि मंडळात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा भाऊ पहिली मिळवून बसला आहे आणि दुसरीच्या दारात उभा आहे. लेथ बँकेच्या कर्जावर येतो. सूचक कोणत्या बँकेत मिळतो?

गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो तेव्हा शेडमध्ये रविवारची बैठक भरली होती. वेल्डिंगवाले, गवंडीकामाचे ठेकेदार, पिशव्या शिवणाऱ्या दोन बाया, एक चर्मकार समाजाचा चपलांचा कारखानदार, एक मुसलमान स्प्रे-पेंटर, असे अकरा जण. संस्था नोंदवायला सात माणसे लागतात, म्हणून माणसांची अडचण नव्हती. मला ‘सर’ म्हणून घटनेचा मसुदा वाचायला बसवले. बाकी कलमे भराभर झाली. अडले ते सभासदत्वाच्या कलमावर. चपलांचे कारखानदार म्हणाले, “सूचक-अनुमोदक पाहिजेतच. नाहीतर उद्या कोणीही उठून येईल.” माझा भाऊ काही बोलला नाही. उठून टेबलाचा खण उघडला आणि तो जुना अर्ज काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि म्हणाले, “मग वर्गणी तरी आगाऊ घ्या.” त्यावर पिशव्या शिवणाऱ्या बाईंनी विचारले, “किती?” आणि पुन्हा वाद सुरू झाला. चहा येईपर्यंत कलम तसेच होते.